चांगली कुठली?

हवालदाराने मास्क हनुवटीवर ओढला, टेबलावर आडव्या ठेवलेल्या दोन रायफलींकडे आळीपाळीने पाहिलं आणि सहज विचारलं, "काका, ह्यातली चांगली कुठली?"

बाबा गप्प.

२०२० च्या नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा होता. हवालदार घाटावरचा, सांगलीकडचा असावा. बोलण्यात तो मोकळेपणा होता. त्याने परवान्याच्या पुस्तकातला नंबर वाचायचा, मी नळीवरचा नंबर बोट ठेवून दाखवायचा, असं चाललं होतं. प्रश्नात काही खोच नव्हती. दुकानात दोन छत्र्या समोर आल्या की माणूस विचारतो, तसा तो प्रश्न होता. आणि ज्या माणसाला तो विचारला, त्याने या एकाच विषयावर पन्नास वर्षं आमच्या पडवीवर बसून पोस्टमनला, आंब्याच्या व्यापाऱ्याला, बँकेच्या शिपायाला आणि पहिल्यांदा घरी आलेल्या माझ्या सासऱ्यांनासुद्धा दोन-दोन तास ऐकवलं होतं. सासऱ्यांना तर माहेरची माणसं मुलगी देतायत की दम देतायत, हेच कळेना. असा माणूस त्या दिवशी खिडकीबाहेरच्या जप्त केलेल्या मोटारसायकलींकडे बघत राहिला. शेवटी मीच "दोन्ही चांगल्याच आहेत" म्हणून वेळ मारून नेली. हवालदाराने मान डोलावली आणि पान उलटलं. मला मात्र तो गप्पपणा घरापर्यंत, जेवणापर्यंत, रात्री पंख्याच्या आवाजात अंथरुणावर पडेपर्यंत पुरला.

आमच्याकडे तीन बंदुका होत्या. सिंधुदुर्गात हे काही विशेष नाही. शेतीसंरक्षणाची बंदूक आमच्या वाडीत घरटी नसली तरी चार घरांआड आहे. निवडणूक लागली की सगळे आपापल्या बंदुका गोणपाटात गुंडाळून, लग्नाच्या वऱ्हाडासारखे ठाण्यात जमा करायला जातात, आणि तेवढा महिना डुकरं आणि माकडं मोकळी. आमची बारा बोअरची एकनळी त्यातलीच. तिच्याबद्दल प्रश्नच नव्हता, ती ठेवायलाच हवी होती. कुळीथ पेरला की रात्री एकदा तरी आभाळात बार काढावा लागतो, नाहीतर सकाळी शेत नांगरल्यासारखं उकरलेलं सापडतं. प्रश्न उरलेल्या दोघींचा होता. २०१९ च्या डिसेंबरात शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली आणि एका परवान्यावर तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतील असं ठरलं. आधी तर एकच ठेवायचं घाटत होतं, ते शेवटी दोनवर आलं. तिसरं जमा करायला वर्षाची मुदत, ती १३ डिसेंबर २०२० ला संपत होती. ते वर्ष कसं गेलं ते सगळ्यांनाच ठाऊक आहे. मी मार्चमध्ये पुण्याहून आठ दिवसांसाठी म्हणून आले ती लॅपटॉप मांडून तिथेच राहिले, आणि आमच्या घरात टाळेबंदीचे सगळे महिने एकाच वादात गेले: दोन रायफलींतली कुठली ठेवायची.

पहिली तीनशेपंधरा, हे तिच्या नळीचं माप. बीएसए या इंग्रजी कारखान्याची, संस्थानच्या काळात पणजोबांनी घेतलेली. तिच्यावर कारखान्याची खूण आहे, एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका. लहानपणी मला त्या आमच्याच तीन बंदुका वाटायच्या. इंग्रजांनी इथल्या लोकांच्या हातात लष्करी मापाची हत्यारं जाऊ नयेत म्हणून तीनशेतीनवर बंदी घातली, तेव्हा कारखानदारांनी तीच ली पद्धतीची रायफल जराशा वेगळ्या मापात, ऑस्ट्रियाच्या जुन्या आठ मिलिमीटरच्या काडतुसासाठी बनवून हिंदुस्थानात विकली. ती ही. म्हणजे जन्मच तडजोडीचा. तिचा बोल्ट, म्हणजे काडतूस आत सारायचा आणि बाहेर काढायचा दांडा, मात्र असा काही चालतो की हातात घेतलेला माणूस उगाचच चार वेळा मागेपुढे करून बघतो. थोडासाच वर उचलायचा, मागे घ्यायचा, पुढे ढकलायचा. स्प्रिंग पुढे ढकलताना दाबली जाते, त्यामुळे उघडताना काही जोरच लागत नाही. रोज तेल घातलेल्या माजघराच्या कडीसारखा. हलकी, काटक, खांद्याला सवय झालेली. दस्त्याच्या ज्या जागी गाल टेकतो तिथलं लाकूड तीन पिढ्यांच्या गालांनी काळपट, गुळगुळीत झालेलं.

दुसरी तीनशेपंच्याहत्तर मॅग्नम. हे काडतूस १९१२ चं, हॉलंड अँड हॉलंड या लंडनच्या बंदूकवाल्यांचं. आफ्रिकेतल्या काही देशांत हत्ती-रानरेड्यांसाठी याहून लहान मापाची रायफल कायद्यानेच चालत नाही. आमची रायफल माउझर पद्धतीच्या बोल्टची, चिकमंगळूरकडच्या कुणा कॉफीमळेवाल्याची, बेळगावच्या एका विक्रेत्यामार्फत आबांनी, माझ्या आजोबांनी, १९७१ साली घेतलेली. अक्रोडाचा दस्ता, निळसर काळी नळी, आणि वजन असं की पहिल्यांदा हातात घेणारा माणूस 'अरे' म्हणतो. बोल्ट जड, पुरता वर उचलावा लागतो. पण त्याच्या कडेला जी लांब पोलादी नखी आहे ती काडतूस मॅगझीनमधून सुटता सुटताच त्याची मागची कड पकडते. रायफल उलटी धरून बोल्ट चालवला तरी काडतूस खाली पडत नाही. बाबा हे पाहुण्यांना डमी काडतुसं घालून दाखवायचे. मग तीनशेपंधरा घ्यायचे आणि तिच्या काडतुसाला मागे कसा काठ आहे, मॅगझीन भरताना वरच्याचा काठ खालच्याच्या मागे गेला तर कसं ऐन वेळी अडकतं, ते दाखवायचे. "समोर जनावर आसताना ह्या असा झाला तर?" पाहुणा घाबरून माझ्या आईकडे बघायचा. आई चहा आणायची.

आकडे मला लहानपणी पाढ्यांसारखे पाठ होते. तीनशेपंधराची गोळी वजनाला २४४ ग्रेनची, तीनशेपंच्याहत्तरची ३०० ची. आबांनी दोन्ही गोळ्या वेंगुर्ल्यात सोनाराच्या काट्यावर घालून पाहिल्या होत्या म्हणे. एक सव्वा तोळ्याहून थोडी जास्त, दुसरी पावणेदोन तोळ्यांना थोडी कमी. फरक अर्ध्या तोळ्याचाही नाही. पण पहिली सेकंदाला दोन हजार फुटांच्या आसपास जाते, दुसरी अडीच हजारांच्या, आणि वेगाचा वर्ग होतो, त्यामुळे मार पावणेदोन पटीच्या वर जातो. 'वेगाचा वर्ग' हे शब्द मी आधी पडवीवर ऐकले, भौतिकशास्त्राच्या तासाला नंतर. बाई फळ्यावर सूत्र लिहीत होत्या आणि मला गवा दिसत होता.

कारण हे सगळे आकडे येऊन थांबायचे ते त्या गव्यापाशी.

१९६८. दाणोलीच्या पलीकडचं, आंबोलीच्या पायथ्याचं रान. बाबा तेव्हा बावीस वर्षांचे. दिवेलागणीची वेळ, व्हाळाच्या पलीकडच्या काठावर एकांडा गवा, चाळीसेक पावलांवर. आमच्या रानात याहून लांबचा नेम धरायची वेळच येत नाही. करवंदीच्या जाळ्या, कुडा, ऐन, मध्ये दाट कारवी. तीनशे यार्डांचे पल्ले वगैरे माळरानावरच्या माणसांच्या गप्पा. बाबा सांगायचे, "बार निघालो. गोळी बसली. गवो हललो, थरथरलो, नि जाळीत शिरलो. बंदूक कमी पडली." पूर्ण वाढलेला नर गवा हजार किलोच्या घरात जातो, खांद्यावर स्नायूंची भिंत. तिथे तीनशेपंधरा म्हणजे उंबऱ्यावर डोकं आपटून घर पाडायला निघाल्यासारखं, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मग रात्रभर रान धुंडाळणं, दुसऱ्या दिवशी रक्ताच्या मागावर जाणं, आणि शेवटी दुसरा बार. एवढ्यावर गोष्ट संपायची. त्याला शिकारीचा परवाना होता की नव्हता, हे आबांनी कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. मटणाच्या वाट्यांचं काय झालं, शिंगं कुठे गेली, तेही नाही. आमच्या घरात सांबराचं एक डोकं आहे, दोन डुकरांचे सुळे आहेत. गव्याचं काही नाही.

त्यानंतर तीन वर्षांनी, कलमांच्या दोन वर्षांच्या उत्पन्नावर पाणी सोडून, आबांनी ती मोठी रायफल आणली. आबा हिशेबी माणूस. स्वतःला धोतरजोडी घ्यायची तर तीन दुकानं हिंडायचे. आजीने म्हणे तीन दिवस अबोला धरला होता. रायफलीबरोबर वीस काडतुसं आली. ती एका चिरेखाणीत चालवून बघितली. जांभ्याच्या चिऱ्यावर कोळशाने फुली काढली होती, आणि पहिल्याच गोळीने फुलीसकट अर्धा चिरा लाल भुकटी होऊन उडाला. बाबांचा खांदा आठ दिवस जांभळाच्या रंगाचा होता. आणि पुढच्याच वर्षी, १९७२ साली, वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला. थोडे परवाने मिळत राहिले, कुणाकुणाची डुकरं पडत राहिली, पण मोठ्या शिकारीचे दिवस सरले ते सरलेच. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याचं ते किलकिलं दारही लावून टाकलं. ज्या कामासाठी ती रायफल आली, ते काम तिने एकदाही केलं नाही. कोकणात ती पन्नास वर्षं राहिली, आणि तिने मारले ते चिरे.

मी शिकारीच्या बाजूची नाही, हे सांगून टाकलेलं बरं. पण 'मी कधीच नव्हते' असं म्हणायला जीभ रेटत नाही. डुकराचा वाटा आला की आमच्या स्वयंपाकघरात जो वास सुटायचा, भाजलेलं खोबरं, तिरफळ आणि त्या मटणाची रानटी चरबी, तो आजही एखाद्या ढाब्यावरून जाताना नाकात उभा राहतो. आणि बंदुका साफ करायचा दिवस तर मला गणपतीनंतरचा सर्वांत मोठा सण वाटायचा. समुद्र घरापासून पाऊण कोसावर. आमच्याकडे खारी हवा सुयासुद्धा खाते. कपाटातल्या टाचण्या पावसाळ्यात कागदावर लाल डाग सोडतात. मग पोलादाच्या नळ्यांचं काय. जुन्या काडतुसांच्या केपांतला क्षार बार झाल्यावर नळीत राहतो आणि हवेतलं पाणी ओढतो, म्हणून बार काढून आलं की रात्री कितीही वाजोत, आई चुलीवर तपेलं चढवायची आणि न्हाणीत नरसाळं लावून नळीत उकळतं पाणी ओतलं जायचं. नळीच्या टोकातून काळं पाणी यायचं, वाफेला करपलेला, जरा गोडूस वास. मग माझं काम: आजीच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडून गजाच्या टोकाला ओवायच्या. पांढरी चिंधी आत जायची आणि पांढरीच बाहेर येईपर्यंत हे चालायचं. शेवटी आबा नळी कंदिलाकडे रोखून मला मागून बघायला लावायचे. आत चकचकीत वळणं, शंखाच्या आत डोळा लावावा तशी, फिरत फिरत उजेडाकडे जाणारी. त्या नळीतून काय बाहेर पडतं, हे तेव्हा डोक्यात यायचं नाही. फक्त ती वळणं.

टाळेबंदीत तो सगळा सरंजाम पुन्हा निघाला. मी दिवसभर कंपनीच्या मीटिंगा करायची आणि संध्याकाळी पडवीवर बाबा दोन्ही रायफली सतरंजीवर मांडून बसलेले असायचे. "बाय, तुका काय वाटता? खयची ठेवची?" हा प्रश्न नसायचा, परीक्षा असायची. मी म्हणायची, तीनशेपंधरा ठेवूया, तिची काडतुसं आपल्या खडकीच्या कारखान्यात होतात. मी पुण्यात रोज त्या खडकीवरून जाते. तीनशेपंच्याहत्तरची काडतुसं परदेशी, मिळाली तर, आणि भाव विचारायला नको. पेटीत सातच उरलीत. यावर ते म्हणायचे, सात गोळ्यांत सात गवे. मी म्हणायची, हलकी आहे, तुम्हाला पेलते. ते म्हणायचे, हलक्या बंदुकीने घात होतो. मी म्हणायची, बाबा, आता कुठे जायचंय शिकारीला? यावर ते काही म्हणायचे नाहीत, बोल्ट मागे घ्यायचे, पुढे ढकलायचे. मग पुन्हा पहिल्यापासून: वजन, वेग, वेगाचा वर्ग, काडतुसाचा काठ, पोलादी नखी. कुणी तिऱ्हाईताने ऐकलं असतं तर त्याला वाटलं असतं, हा माणूस उद्या पहाटे मचाणावर जाऊन बसणार आहे. हातात मोतीबिंदूचे थेंब, बाजूला रक्तदाबाच्या गोळ्यांचा डबा, आणि चर्चा गव्याच्या खांद्याचं हाड कुठल्या गोळीने फुटेल याची. मला हसू यायचं. थोडी कीवही. खरं सांगायचं तर मीसुद्धा त्या वादात रमले होते. इतकं बोलणं आमच्यात माझ्या लग्नानंतर कधी झालंच नव्हतं.

त्या सगळ्या संध्याकाळी त्यांचा कल मोठ्या रायफलीकडे होता. आणि हवालदाराने विचारलं तेव्हा ते 'ही' म्हणून बोट दाखवू शकले नाहीत.

आमच्या वाडीच्या टोकाला एक म्हातारा राहतो. आबांच्या हाकाऱ्यात तो पोरवयापासून होता. त्याचं वय त्यालाही माहीत नाही, आणि अख्खी वाडी त्याला 'आजो' म्हणते. दोनच दिवसांनी मी त्याच्याकडे नारळ पाडायला माणूस आहे का विचारायला गेले होते. तो खळ्यात बसून बिंडल्या वळत होता. मी ठाण्यातली गंमत म्हणून सांगितली: एवढं बोलणारे बाबा, आणि हवालदाराने चांगली कुठली विचारलं तर दातखीळ बसली. मला वाटलं, तो हसेल. त्याने हातातला सुंभ खाली ठेवला.

"चांगली बंदूक नि वायट बंदूक असा काय नसता, बाय," तो म्हणाला. "गोळी पोटात लागलेली."

मी म्हटलं, कसली गोळी?

"गव्याक. पोटात. तोफ नेलंस तरी पोटात मारून गवो पडना नाय." आणि मग, जणू मला ठाऊकच असणार अशा आवाजात, "तुझ्या बापाशीन मारल्यान ती. आबा मागे होते. सांगत होते, थांब, आडवो होवंदे, खांदो दिसांदे. पोरगो थांबलो नाय." तो बोटाने मातीत रेघ ओढत होता, व्हाळ असावा. "दुसऱ्या दिसाक गावलो. पाण्यात बसलेलो. जितो होतो. मगे आबांनी बार काढल्यानी." थोडं थांबून म्हणाला, "त्याच बंदुकीन. एकाच गोळयेत पडलो."

नारळाचं राहून गेलं. परत येताना मी पायवाटेने न येता शेतातून, बांधांवरून लांबून आले.

बाबा खोटं बोलले नव्हते. हे मला वाटेतच, पाचव्या की सहाव्या बांधावर लक्षात आलं आणि मी उभी राहिले. ते वाक्य मी हजार वेळा ऐकलं होतं: बार निघालो, गोळी बसली, बंदूक कमी पडली. आपल्या भाषेत हे फार सोयीचं आहे. बार निघतो, कप फुटतो, दूध उतू जातं, उशीर होतो. माणूस वाक्यात यावाच लागत नाही. आम्ही पोरांनी आपापल्या मनाने तिथे आबांना उभं केलं, कारण बंदूक त्यांची आणि मिश्याही त्यांच्या. बाबांनी कधी दुरुस्त केलं नाही, एवढंच. आणि आबांनीही नाही. आबा आमच्या समोर जेवताना कितीदा तरी ती गोष्ट निघाली असेल. ते ताकाचा घोट घ्यायचे आणि भात कालवत राहायचे. दुसऱ्या दिवशी त्याच तीनशेपंधराने, एकाच गोळीत, गवा पडला होता हे सांगून त्यांना मुलाचं सगळं गणित एका वाक्यात पुसून टाकता आलं असतं. त्याऐवजी त्यांनी दोन वर्षांच्या कलमांचे पैसे ओतून, बायकोचा अबोला पत्करून, बेळगावहून नऊ पौंडांची रायफल आणली. 'बंदूक कमी पडली' या वाक्याला पावती आणावी तशी.

का आणली असेल? मुलाचं म्हणणं खरं मानल्यासारखं दाखवायला? की पुन्हा त्याचा हात थरथरला तरी जनावराचे हाल होऊ नयेत म्हणून? की खरंच त्यांनाही वाटलं असेल की दोष थोडा बंदुकीचाही आहे? शिकारीच्या कामात हा वाद जगभर आहे, गोळीचं माप मोठं की गोळीची जागा, आणि त्या वादात दोन्ही बाजूंना तोंड भरून बोलता येतं. चाळीस पावलांवर, दाट झाडीत, अंधारताना, गव्यासमोर जड गोळीची रायफल हवीच, हे काही खोटं नाही. कुठलाही जाणता माणूस हेच सांगेल. बाबांचा एकही आकडा चुकलेला नव्हता. २४४ ग्रेन, ३०० ग्रेन, सोनाराचा काटा, वेगाचा वर्ग. सगळं बिनचूक, आणि ते सगळं गव्याच्या खांद्याबद्दल. पोटाचा हिशेब त्यात कुठेच नव्हता.

मी घरी येऊन काही बोलले नाही. ते त्या संध्याकाळीही सतरंजी अंथरून बसले होते. मी पहिल्यांदाच त्यांच्या हातांकडे पाहिलं. तीनशेपंधराला ते कधी गालाला लावत नाहीत. साफ करतात, बोल्ट चालवतात, पाहुण्याला देतात. नेम धरून दाखवायचा असला की मोठी उचलतात. इतकी वर्षं डोळ्यांसमोर होतं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी चहा पिता पिता जाहीर केलं, "मोठी देऊन टाकूया. काडतुसां मिळनत नाय." म्हणजे माझंच मार्चपासूनचं म्हणणं. ठाण्याच्या खोलीत ठेवली तर गंज खाईल म्हणून त्यांनी ती कोल्हापूरच्या एका शस्त्रविक्रेत्याकडे द्यायची ठरवली. आदल्या रात्री स्वतः नळीतून चिंधी फिरवली, दस्त्याला जवसाचं तेल चोळलं, सात काडतुसं पुसून पेटीत ओळीने लावली. आंबोलीचा घाट चढताना दाणोली गेली तेव्हा मी आरशातून पाहिलं; मागच्या सीटवर ती रायफल मांडीवर आडवी धरून ते डोळे मिटून बसले होते. झोपले होते की नाही, सांगता येत नाही. विक्रेता चांगला माणूस निघाला. त्याने बोल्ट काढून आत पाहिलं, नळीतून उजेडाकडे पाहिलं आणि म्हणाला, "काका, ही तर वापरलेलीच दिसत नाही." बाबा म्हणाले, "नाय." कागदावर सही केली. पावती घडी करून परवान्याच्या पुस्तकात ठेवली.

परतताना आजऱ्यापुढे अंधारून आलं. त्या रस्त्याला हल्ली गवे सर्रास दिसतात. लोक गाड्या थांबवून फोटो काढतात. मी वेग कमी ठेवला होता. एकही दिसला नाही. आंबोलीत चहाला थांबलो, धुकं उतरलं होतं, टपरीवाल्याने भजी तळायला घातली होती. बाबा स्वेटरच्या बाह्या ओढत, कढईकडे बघत म्हणाले, "वायट नाय होती ती बंदूक."

मी विचारलं नाही, कुठली.

नंतरची हकिगत थोडी आहे. आम्ही परत आलो आणि आठवड्याभरातच ग्रामपंचायतींच्या निवडणुकीची आचारसंहिता लागली, मतदान १५ जानेवारीला. उरलेल्या दोन्ही बंदुका गोणपाटात गुंडाळून ठाण्यात गेल्या. आमच्या माजघरातल्या तिन्ही खुंट्या महिनाभर मोकळ्या होत्या आणि डुकरांनी कुळथाचा एक दाणा ठेवला नाही. हवालदाराची बदली झाली होती, जमा करताना दुसराच होता, त्याने काही विचारलं नाही. बंदुका परत आल्या, बारा बोअर आणि तीनशेपंधरा. तिसऱ्या खुंटीवर आईने कोयतीचा आकडा अडकवला. पडवीवरची व्याख्यानं थांबली. आता पाहुणे आले की बाबा आंब्याच्या मोहोरावरच्या तुडतुड्यांबद्दल बोलतात, तेवढाच वेळ.

परवाना आता पाच वर्षांचा असतो. या वर्षी मुदत संपली. बाबा एकोणऐंशीचे, हाताला कंप आहे. सत्तरी उलटलेल्या परवानाधारकाला वारसाच्या नावावर शस्त्र करता येतं, तसं करून टाकूया असं त्यांनीच सुचवलं. भाऊ अबुधाबीत, म्हणून वारस मी. मी फॉर्म भरायला बसले. नाव, वय, शिक्षण, पूर्वी गुन्हा दाखल आहे का, सगळं सरळ होतं. मग तो रकाना आला: शस्त्र कशासाठी हवे आहे. बारा बोअरचं सोपं होतं, पीकसंरक्षण. तीनशेपंधरापाशी पेन थांबलं. शिकार म्हणता येत नाही. स्वसंरक्षण म्हणावं तर कुणापासून? वारसा लिहिता येतं, तसा शब्द चालतो म्हणे, पण तो लिहायला हात पुढे जाईना. बाबा आतल्या खोलीत कॉटवर पडले होते. मी इथूनच विचारलं, "बाबा, रायफल कशासाठी हवी म्हणून लिहू?"

बराच वेळ उत्तर आलं नाही. मला वाटलं, डोळा लागला.

मग आतून आवाज आला, "डुकर लिही. डुकर सगळ्यांका कळता."